एकलहऱ्याचा कोळसा कमी करायचा तर ठराव गच्चीवर आणि ग्रामसभेत हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीजकेंद्रातले २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. कोळसा विदर्भातून रेल्वेने इथवर येतो, त्यामुळे वाहतूकखर्च चढतो. मेरिट ऑर्डरमध्ये स्वस्त वीज आधी घेतली जाते, त्यात हे केंद्र मागे पडते. तरीही परिसरातून ६६० मेगावॅटच्या नव्या संचाची मागणी वर्षानुवर्षे होते, आणि ती समजण्यासारखी आहे. कंत्राटी कामगार, राखेचे वाहतूकदार, राखेच्या विटा पाडणारे, सगळ्यांची चूल या केंद्रावर पेटते. त्यांच्या रोजगाराचा शब्दही न काढता 'कोळसा हटवा' म्हणणारी मोहीम एकलहऱ्यात कोणी ऐकून घेणार नाही, आणि घेऊही नये. केंद्राची जागा, उपकेंद्र आणि पारेषण वाहिन्या तयार आहेत. नव्या कोळसा संचाऐवजी तिथे बॅटरी साठवणूक आणि सौर प्रकल्प मागावेत, आणि त्या कामात आजच्या कामगारांना पहिला हक्क, ही अट त्याच निवेदनात लिहावी.

मोर्च्याइतकेच काम सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत आहे: गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा ठराव तिथे करायचा. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामाईक मीटरची बारा महिन्यांची बिले काढा, युनिटची बेरीज करा आणि तिला १,४०० ने भागा. येईल तो आकडा म्हणजे लागणाऱ्या सौर संचाचे किलोवॅट. ११,२०० युनिट असतील तर ८ किलोवॅट. नाशिकच्या उन्हात एक किलोवॅट वर्षभरात सरासरी रोज चार युनिटच्या आसपास देतो. जुलै-ऑगस्टमध्ये वीज बरीच कमी मिळते, मार्च-एप्रिलमध्ये ती भरून निघते. गरजेपेक्षा मोठा संच बसवण्याचा आग्रह विक्रेते धरतात, तो मानू नये. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे आपली जादा सौर वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करण्याच्या पद्धतीत, उरलेली युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, पण आर्थिक वर्षअखेर शिल्लक राहिलेल्यांना भाव फारच कमी मिळतो.

पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. त्यासाठी पॅनेल देशी सेलचेच लागतात. १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही, हे वीजग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे. वीज कंपनीच्या कार्यालयात 'आधी लोड (मंजूर वीजभार) वाढवून आणा' असे सांगितले, तर ही दुरुस्ती दाखवावी. गच्ची सर्वांची असल्याने ठरावात ग्राहक क्रमांक, किलोवॅट, सही करणारे पदाधिकारी आणि पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी या चारही गोष्टी लिहून घ्याव्यात.

बिघाड बहुतेक ठरावीकच असतात. स्लॅबला भोके पाडून स्ट्रक्चर बसवले की पहिल्याच पावसाळ्यात वरच्या मजल्यावर गळती सुरू होते आणि पुढची दहा वर्षे त्या इमारतीत सौर हा शब्द कोणी काढू देत नाही. म्हणून गच्चीच्या कोब्यावर काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर स्ट्रक्चर उभे करावे, आणि वाऱ्याच्या हिशेबाने वजन किती लागेल ते अभियंत्याकडून लिहून घ्यावे. पॅनेल दक्षिणेकडे, साधारण २० अंशांत. टाकीची सावली हिवाळ्यात कुठवर लांबते ते डिसेंबरात सकाळी नऊला आणि दुपारी चारला बघावे. एका पॅनेलवरची सावली साध्या इन्व्हर्टरवर जोडलेल्या अख्ख्या रांगेची वीज पाडू शकते. अर्थिंगचे खड्डे तीन आणि वेगवेगळे: एसी बाजूचा, डीसी बाजूचा आणि आकाशातून पडणाऱ्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने पॅनेल धुतले तर पांढरे डाग बसतात, आणि भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी तर मुळीच टाकू नये.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. लाइट गेली की ग्रिडला जोडलेला असा सौर संच बंद पडतो. बंद समजल्या गेलेल्या लाइनमध्ये वीज गेली तर दुरुस्तीवरच्या वायरमनचा जीव जाऊ शकतो, म्हणून इन्व्हर्टर तशीच बनवलेली असतात. हे न सांगितल्याने फसवल्याची भावना होते आणि मोहिमेचे नाव खराब होते. संध्याकाळच्या विजेसाठी साठवणूकच लागणार. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॅटचे उदंचन केंद्र (पाणी वरच्या धरणात चढवून ठेवून गरजेला त्यावर वीज करणारे) चालू आहे, तेव्हा साठवणूक ही नवलाईची कल्पना नाही.

ग्रामीण भागात प्रश्न वेगळा आहे. निफाड-सिन्नरच्या उसात बिबटे आहेत आणि अनेक कृषिपंपांना रात्रपाळीची वीज मिळते, म्हणजे पाणी द्यायला अंधारात शेतात जावे लागते. कृषिपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीला हेक्टरी १,२५,००० रुपये वार्षिक भाडे आहे, दरवर्षी ३ टक्के वाढीसह, आणि ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाखांप्रमाणे तीन वर्षे मदत. एका मेगावॅटला साधारण चार एकर लागतात. गायरान देण्याआधी शेळ्या-मेंढ्या चारणाऱ्यांना ग्रामसभेत बोलावून पर्यायी चराई ठरवावी, नाहीतर खांब रोवायच्या दिवशीच काम अडते.

वीज नियामक आयोग दरयाचिकांवर लेखी हरकती मागवतो. सोसायट्यांनी आणि ग्रामपंचायतींनी आपापल्या ठरावांच्या प्रती जोडून तिथे एकलहऱ्यात साठवणूक प्रकल्पाची मागणी नोंदवावी. ठरावाचा मसुदा आणि बिलावरून किलोवॅट काढायचा तक्ता आम्ही मागेल त्या सोसायटीला विनामूल्य देऊ.

— काही वीजग्राहक, नाशिकरोड