घटस्फोटाच्या खर्चाचा हिशेब: विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीची एक वही समोर घेऊन हे पत्र लिहीत आहे. तिच्या मुलीची शाळेची वही, गेल्या वर्षीची. उरलेल्या कोऱ्या पानांवर बहिणीने कोर्टाचा खर्च मांडला आहे, दर तारखेला एक ओळ. एक ओळ जशीच्या तशी देते: ‘एसटी १९०, रिक्षा ८०, झेरॉक्स ४५, चहा-वडापाव ६०, खाडा ४५०. साहेब रजेवर.’

एसटीचे १९० हे जाऊन-येऊन, तेही अर्ध्या तिकिटाने. २०२३ पासून बायकांना मिळणाऱ्या त्या सवलतीचा आम्हाला खरोखर आधार झाला. पण दुकानातला खाडा कोण भरून देणार? ती कापडाच्या दुकानात कामाला आहे, महिन्याचे पुरते बारा हजारही हातात पडत नाहीत. आतापर्यंत ३१ तारखा झाल्या. त्यांतल्या १९ तारखांना कामकाज झालेच नाही. समोरचे वकील आले नाहीत, समन्स बजावून परत आले नाही, बोर्ड (त्या दिवशीच्या दाव्यांची यादी) मोठा होता, साहेब म्हणजे न्यायाधीश रजेवर होते. तारखेला आठशे धरले तरी नुसत्या वाया गेलेल्या दिवसांचे पंधरा हजारांवर होतात.

शासनाने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. पण ही दुसरी गोष्ट आम्हाला दुसऱ्या वर्षी कळली, तीही कोर्टाच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका बाईकडून. तोवर वकिलांचे ठरलेले तीस हजार देऊन झाले होते. दर तारखेचे पाचशे वेगळे, हे वकीलपत्रावर सही झाल्यावर कळले. त्यासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

नवऱ्याने आधी त्याच्या शहरात अर्ज लावला, म्हणून हा प्रवास. अर्ज आपल्या जिल्ह्यात वर्ग करून घ्यायचा तर उच्च न्यायालयात वेगळा वकील लावावा लागणार होता. त्याचा आकडा ऐकूनच आम्ही तो विषय सोडला.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली तिने दाव्याचा खर्च आणि अंतरिम पोटगी मागितली. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत असा अर्ज निकाली काढावा, असे कायदाच म्हणतो. आम्हाला अकरा महिने लागले. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि उत्पन्नाचे शपथपत्र सक्तीचे केले. निकाल फार चांगला आहे. पण नवऱ्याने ते शपथपत्र भरायला चार तारखा घेतल्या आणि त्या चारही वेळा एसटीत ती बसली. आता महिना सहा हजारांचा हुकूम झाला आहे. पैसे येत नाहीत, म्हणून वसुलीचा वेगळा अर्ज. पुन्हा तारखा.

परस्पर संमतीने हे बरेच स्वस्तात झाले असते. त्यातली सहा महिन्यांची वाट योग्य कारण असेल तर माफ होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितले आहे. तरी खर्च वाचेल म्हणून मार खाल्लेल्या बाईला संमतीच्या सहीला बसवा, असे मी मुळीच म्हणत नाही. दोन्ही वाटांचा खर्च आणि वेळ तिला पहिल्या दिवशी समजला पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

म्हणून विनंती अशी. दावा दाखल होताना किंवा समन्ससोबत एक पानाचे मराठी पत्रक द्या: फी माफी, मोफत वकील कुठल्या खोलीत भेटतो, कलम २४ चा अर्ज, कोणते कागद लागतील आणि ते मिळवायला साधारण किती खर्च येतो. विवाह समुपदेशकांनी पहिल्याच भेटीत ते वाचून दाखवावे. साहेबांची रजा आधी ठरलेली असेल तर आदल्या दिवशी दोन्ही पक्षकारांच्या मोबाइलवर निरोप जावा. नुसत्या हजेरीच्या तारखेला आपल्या तालुक्याच्या कोर्टातून व्हिडिओवर उभे राहता यावे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, वाया गेलेल्या तारखेचा भत्ता द्या. फौजदारी खटल्यात साक्षीदाराला सरकार भत्ता देते, मग पोटगी मागायला आलेल्या बाईला का नाही? कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम २३ खाली तज्ज्ञांचा प्रवासखर्च आणि न्यायालयाने नेमलेल्या वकिलांचे मानधन यांचे नियम राज्य सरकारच करते. उच्च न्यायालयाशी बोलून पक्षकारांसाठीही तरतूद करता येईल. अर्थसंकल्पात त्यासाठी एक वेगळे लेखाशीर्ष उघडा. रक्कम मोठी नसली तरी चालेल, खाडा भरून निघाला तरी पुष्कळ झाले.

ही वही मी मंत्रालयात घेऊन येऊ शकते. आपण वेळ द्यावी, फक्त मंगळवार सोडून. मंगळवारी वसुलीच्या अर्जाची तारीख आहे आणि या खेपेला मी तिच्यासोबत जाणार आहे.

आपली विश्वासू,
एक थोरली बहीण