आई-बाबा, लिऑनला याल तेव्हा जेवणाचं काय, त्याबद्दल

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार. (बाबा, हसू नका, पत्राची सुरुवात अशी करायची हे तुम्हीच शिकवलंय.)

व्हिसा आला हे कळल्यापासून आईचा एकच प्रश्न चाललाय, तिकडे आम्ही खाणार काय. त्यात मावशीने तिच्या डोक्यात भरवलंय की फ्रान्समध्ये बेडूक आणि गोगलगायी खातात. खातात, खोटं कशाला बोलू, पण रोज नाही, आणि कोणी तुमच्या ताटात जबरदस्ती वाढत नाही. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, मधेच कोणीतरी बेल वाजवतं नाहीतर कुकरची शिट्टी होते, म्हणून टाईप करून पाठवतोय, दादाला सांगून प्रिंट काढून घ्या.

पहिली गोष्ट वेळेची, आणि ही बाबांसाठी. इथे हॉटेलात वाटेल तेव्हा जाऊन जेवता येत नाही. दुपारचं १२ ते २, रात्रीचं साडेसातच्या पुढे, मधल्या वेळात किचन बंद म्हणजे बंद. खुर्च्या बाहेर मांडलेल्या असतात, माणसं बसलेली असतात, पण ती कॉफी नाहीतर बिअर पीत असतात. पुण्याचा एक मित्र आला होता, तो अडीचला पोचला आणि पाच दुकानं हिंडून शेवटी कबाबवाल्याकडे उभ्याने जेवला. मोठ्या ब्रासरी असतात काही, तिथे दिवसभर मिळतं, पण चांगल्या छोट्या जागा सगळ्या वेळेच्या पक्क्या. रविवारी रात्री आणि सोमवारी तर अर्धं गाव बंद असतं. बाबांना सात वाजता ताट लागतं आणि त्याआधी गोळी असते, त्यामुळे रात्री बाहेर जायचं असेल तर घरून थोडं काहीतरी खाऊनच निघायचं, कारण साडेसातला आपण पहिले गिऱ्हाईक असू आणि ताट समोर यायला सव्वाआठ वाजतील. गोळीचं मात्र निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवा, की जेवण असं उशिरा आणि लांबत असेल तर कधी घ्यायची. आणि जूनमध्ये इथे साडेनऊपर्यंत लख्ख उजेड असतो, तेव्हा बाबांचं ते दिवेलागणीच्या आत जेवण वगैरे सोडून द्या, दिवेलागणीची वाट बघत बसलात तर हॉटेल बंद व्हायची वेळ येईल.

दुसरं म्हणजे घाई. म्हणजे घाई नसते, हाच प्रॉब्लेम. आपल्याकडे शेवटचा घास तोंडात असतो आणि पोऱ्या फडकं घेऊन उभा, मागे चार माणसं खुर्चीचा दांडा धरून. इथे टेबल एकदा मिळालं की ते रात्रभर तुमचं. बिल मागितल्याशिवाय कोणी आणतच नाही, न मागता आणणं म्हणजे गिऱ्हाईकाला हाकलल्यासारखं वाटतं त्यांना. सुरुवातीला मला वाटायचं हे आपल्याकडे लक्षच देत नाहीयेत, रंगाबिंगामुळे असेल, असंही मनात यायचं. तसं नाहीये (कधीकधी असेलही, पण ते वेगळं कळतं). फक्त आत शिरल्या शिरल्या मोठ्याने बोंजूर म्हणायचं, ते न म्हणता थेट टेबलाकडे गेलात तर मग खरंच लक्ष देत नाहीत. आईने नमस्कार केला तरी चालेल, काहीतरी केलं पाहिजे.

पाणी आणि पाव फुकट असतो. १९६७ पासूनचा नियम आहे, जेवणाबरोबर पाव, साधं पाणी, मीठ-मिरी याचे वेगळे पैसे लावता येत नाहीत. पण वेटर मुद्दाम विचारतो, पाणी कुठलं, साधं की गॅसवालं, आणि आपण भोळेपणाने साधं म्हटलं की बाटली उघडून ठेवतो आणि तिचे पाच-सहा युरो लावतो. म्हणून 'काराफ' म्हणायचं, म्हणजे नळाचं पाणी जगमधून येतं, नळाचं पाणी उत्तम आहे इथलं, आई उकळत बसू नकोस. पाव संपला की पुन्हा आणून देतात. तो ताटलीत नाही, थेट टेबलावर ठेवायचा असतो, आणि शेवटी पावाच्या तुकड्याने ताट पुसून रस्सा खायचा. बाबा, तुम्हाला आजी ज्याबद्दल रागवायची तेच इथे सगळे सुटाबुटातले लोक करतात. टिप द्यायची सक्ती नाही, सर्व्हिसचे पैसे किंमतीत धरलेलेच असतात, आवडलं तर दोन नाणी ठेवायची.

आता आईचं. आई, तुला स्पष्टच सांगतो, माळ घातलेल्या माणसाला लिऑन सोपं नाही. हे गाव फ्रान्सचं खाण्याचं गाव समजतात आणि इथली जी जुनी खानावळ असते, बुशों म्हणतात तिला, तिथे डुकराचं काय काय करतात ते तू वाचूही नकोस. लाल-पांढऱ्या चौकटीचे टेबलक्लॉथ, टेबलं इतकी चिकटून की शेजारच्याचं कोपर आपल्या ताटात, भिंतीवर जुने फोटो, आणि बोर्डवर खडूने लिहिलेला मेनू, त्यात आतडी, जठर, डोकं, पाय. पूर्वी इथे रेशमाचे विणकर होते, वर क्रुआ-रूसच्या टेकडीवर, ते पहाटेपासून मागावर बसायचे आणि सकाळी नऊला असलं दणदणीत जेवायचे, त्यांच्यापासून हे सगळं आलंय. मी स्वतः गाय-डुक्कर खात नाही हे ऑफिसात सगळ्यांना माहितीये, तरी एका ठिकाणी गंमत झाली. मांस नको, सॅलड द्या, असं दोनदा सांगितलं, हो हो म्हणाला, आणि सॅलड आलं, वर हिरवीगार पानं, मधोमध पाण्यात उकडलेलं अंडं, आणि पानं बाजूला केली तर खाली गुलाबी चौकोनी तुकडे, बोटाच्या पेराएवढे, कडेला खरपूस झालेले. परत बोलावलं तर तो मला म्हणतो, हे मांस कुठे, हे लार्डों (डुकराच्या मांसाचे तुकडे) आहेत. म्हणजे त्याच्या लेखी ती फोडणी. चिडलो होतो मी, पण तो खरंच बुचकळ्यात पडला होता, मुद्दाम केलं असं वाटेना. त्यामुळे तुझ्यासाठी विचारताना मी नुसतं शाकाहारी म्हणत नाही, डुक्कर नको, कोंबडी नको, मासा नको, अंडं नको अशी यादी वाचणार आहे, तेव्हा लाजू नकोस.

चीजचंही सांगून टाकतो, नंतर कळून मनाला लागायला नको. इथली जुनी पारंपरिक चीजं बहुतेक वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. इथे ताज्या चीजमध्ये चिरलेली कांद्याची पात, लसूण, थोडं तेल, व्हिनेगर घालून एक प्रकार करतात, 'सर्वेल द कानू', विणकरांचाच, दिसायला अगदी निरुपद्रवी आणि चवीला मस्त, पण त्यातही रेनेट असू शकतं. खायचं की नाही ते तू ठरव, मी न सांगता खाऊ घालणार नाही. दही, लोणी, क्रीम मात्र बिनधास्त.

मग तू काय खाणार? गियोतिएर म्हणून भाग आहे, माझ्या घरापासून मेट्रोने जवळ, तिथे सगळ्या जगाची दुकानं आहेत, व्हिएतनामी, अरब, आफ्रिकन, तिथे आपलं जमतं. लेबनीज लोकांकडे चण्याचे तळलेले वडे, वांग्याचं भरीत, पार्सली आणि टोमॅटोची कोशिंबीर, तिळाची चटणी, तुला परकं काही वाटणारच नाही. आणि अल्जेरिया-मोरोक्कोच्या लोकांचा कुसकुस, म्हणजे आपला सांजा वाफवून मोकळा केला आणि वर भोपळा, गाजर, सलगम, छोल्यांचा पातळ रस्सा ओतला तर जसं होईल तसं. फक्त रस्सा मटणाच्या पाण्यात केलेला असतो पुष्कळदा, ते आधी विचारतो मी. एक बाई आहे तिकडे, ती भाज्यांचा वेगळा करते शुक्रवारी, तिला सांगून ठेवलंय माझी आई येणार आहे, तर तिने विचारलं, तिखट खाते का.

इंडियन रेस्टॉरंट पण आहेत, ढीगभर. मी तिथे न्यायचं टाळणार आहे, आग्रह करू नका. मी पाहिली ती चालवणारे बहुतेक बांगलादेशी नाहीतर पाकिस्तानी, बोलायला फार गोड माणसं, पण फ्रेंच लोकांना तिखट सोसत नाही म्हणून सगळ्यात क्रीम, आणि सगळ्यांचं लाडकं काय, तर चीज घातलेला नान, आत ते मुलांच्या डब्यातलं त्रिकोणी चीज. फ्रेंच माणसाला भारत म्हटलं की हाच नान आठवतो. मी एकाला सांगितलं की आमच्याकडे असला नान कोणी करत नाही तर त्याला खोटंच वाटलं.

बाबा, तुमची मजा आहे. नाहीतरी १ जूनपासून दोन महिने आपल्याकडे मासेमारी बंद, तुम्ही सुकटीवर दिवस काढणार, त्यापेक्षा इकडे या. समुद्र लांब आहे पण रोन आणि सोन अशा दोन नद्या गावातून वाहतात, नदीतल्या ब्रोशे नावाच्या काटेरी माशाचं 'केनेल' करतात इथे. मासा वाटून, काटे काढून, अंडं-लोणी-मैद्यात मिसळून लांबट मुटके, आणि ते नदीतल्या झिंग्यांच्या लालसर सॉसमध्ये ओव्हनला ठेवतात की टम्म फुगतात, दुप्पट होतात, टेबलावर येईपर्यंत वरून बुडबुडे येत असतात, आणि दोन मिनिटांत बसतात म्हणून वेटर जवळजवळ पळत आणतो. चमच्याने खायचं, चावायला काही नाही, तुमच्या दाढेलाही सोयीचं. मसाला शून्य. पहिल्या घासाला तुम्ही म्हणाल मीठ कमी आहे, दुसऱ्याला गप्प बसाल.

रविवारी सकाळी तुम्हाला मंडईत नेईन, पार दिऊला आहे, १९७१ ची, आता पोल बोक्यूज या शेफचं नाव आहे तिला. तिथे लोक दहा वाजता काउंटरवर उंच स्टुलावर बसून कालवं खातात. होय, आपली कालवं! तुम्ही खडकावरून फोडून आणायचात तीच, पण इथे डझनावर मोजून, बर्फावर मांडून, कच्ची, लिंबू पिळून, भाव ऐकून तुम्हाला घेरी येईल. जून हा काही त्यांचा सीझन नाही, उन्हाळ्यात ती दुधाळ होतात, तरी तीन-चार चाखून बघू, आवडली नाहीत तर आवडली नाहीत. कच्ची म्हणून पोटाचं आधी बघू मात्र. तिथेच ब्रेस भागातल्या कोंबड्या टांगलेल्या असतात, पांढरी पिसं, लाल तुरा, निळे पाय, म्हणजे फ्रान्सच्या झेंड्याचेच रंग, १९५७ पासून कायद्याने त्यांचं नाव राखीव आहे. बाबा, गावठी कोंबडीवर तुम्ही जे भाषण देता ते इथे सरकार देतं.

आणि आई, एक गोष्ट तुला सांगायची राहिली, तुला आवडेल. या गावाचं जे नाव झालं ना, ते मूळचं बायकांमुळे. मोठ्या घरांत स्वयंपाकीण म्हणून काम करणाऱ्या बायका, काम सुटलं की स्वतःची खानावळ काढायच्या, लोक त्यांना आईच म्हणायचे, मेर अमुक, मेर तमुक. त्यातली एक युजेनी ब्राझिए, शेतकऱ्याची पोर, १९२१ मध्ये तिने छोटी जागा घेऊन सुरू केलं, आणि १९३३ मध्ये तिच्या दोन्ही हॉटेलांना मिशलँचे (हॉटेलांना तारे देणारं पुस्तक) तीन-तीन तारे, सहा तारे मिळवणारं जगातलं पहिलं माणूस. तो बोक्यूज तिच्याच हाताखाली शिकलेला. मला हे वाचताना आपली चिपळूणची आत्या आठवली, एसटी स्टँडमागची तिची खानावळ, तिच्या हातची आमटी खायला मुंबईच्या ड्रायव्हरांनी गाड्या थांबवलेल्या मी पाह्यल्यात, तिला कोणी तारा सोडा, नगरपालिकेने साधी पाटी लावू दिली नव्हती. असो.

एक छोटी गोष्ट, रागवू नकोस. इथे ज्याचं ताट त्याचं. एकात दोघं सहसा खात नाहीत, आणि तुझी जी सवय आहे, स्वतःच्या ताटातलं उचलून आमच्या ताटात टाकायची, त्याकडे बघतील जरा. बघू देत. मी ऑफिसच्या लोकांबरोबर दुपारी जेवतो तेव्हा सगळे आपापलं खातात, कंपनीने दिलेलं जेवणाचं कार्ड असतं, अर्ध्याहून जास्त पैसे कंपनी भरते, आणि प्रत्येकजण आपापलं कार्ड घासतो. वाईट काही नाही त्यात. पण मला तुझ्या ताटातलं पाहिजे.

चहाचं सांगून ठेवतो म्हणजे तिथे तोंड वाकडं करायला नको. चहा म्हणजे गरम पाण्याचा कप आणि शेजारी पुडी, दूध मागितलं तर थंड, आणि जेवणानंतर दूध घातलेलं काही मागितलं की वेटर तुमच्या तब्येतीची काळजी असल्यासारखा बघतो. चहा घरी. पातेलं, गाळणं, आलं सगळं आहे.

बॅगेचं: युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे आई, पेढे नाहीत, बर्फी नाही, आणि हो, घरचं तूपही नाही, कितीही घट्ट डबा असला तरी. आंबेही नाही चालत, विमानतळावर काढून कचऱ्यात टाकतील आणि ते बाबांना बघवणार नाही, म्हणून पेटी नको. भाजणी, मेतकूट, आमसुलं, गोडा मसाला चालेल. सुकट आणू नका, ती नेता येते की नाही यावरून वाद नंतर घालू, पण शेजारच्या म्हातारीने पोलिसांना फोन केला तर मी काय सांगू.

केनेलवाल्या जागेचं टेबल आधी बुक करावं लागतं, शनिवारचं तर पंधरा दिवस आधी. रविवारी फोन करतो तेव्हा बाबांनी सांगून टाका की पोचल्याच्या पहिल्या शनिवारी जमेल की झोप पुरी व्हायला अजून चार दिवस पाहिजेत. आई येणार असेल तर मी तिच्या यादीसकट बुक करतो, त्यांनी कबूल केलंय की भाज्या आणि बटाटे वेगळ्या भांड्यात करून देऊ.

तुमचा,
बाळू

ता.क. दादाला सांगा, बाबांच्या गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन इंग्लिशमध्ये लिहून घ्यायला.