जितकं गरम तितकं शेवाळ?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला 'तापत्या समुद्रात हिरवा कहर' वाचला. मथळ्याबद्दल अभिनंदन. फोटो मात्र जलपर्णीचा आहे. आपल्या विश्वामित्री नदीच्या पुलावरून जाणारं शाळकरी पोरही ती ओळखेल. शेजारी त्या नदीतली एखादी मगर छापली असती तर चूक निदान तुमच्या तरी ध्यानात आली असती.

लेखाचा सूर असा की पाणी जितकं गरम, तितकं शेवाळ जास्त. मग सौराष्ट्राच्या टोकाला ओख्याच्या खडकांवर उल्वा (समुद्रातलं हिरवं शेवाळ) मे महिन्यात माजायला हवी. ती बहरते थंडीत. वनस्पतिशास्त्राची प्रात्यक्षिकं घेण्यात माझी हयात गेली. आमच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघत, त्या काय हवा खायला? (ओखामंडळ पूर्वी आपल्याच बडोदे संस्थानात होतं, आणि तिथल्या समुद्री जीवांवरचा अहवाल बडोदे सरकारसाठी १९०९ सालीच छापला गेला होता. असो.)

एकदा मी तिथून उल्वा ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यातून आणली, सोबत कॅनभर समुद्राचं पाणी. सौराष्ट्र मेलमध्ये रात्रभर लोक 'मासळी आहे का' विचारत होते. कॉलेजात तीन बरण्या मांडल्या. उत्तरेच्या खिडकीतली महिनाभर हिरवीगार राहिली. अगाशीवर उन्हात ठेवलेली आठवड्यात पांढरी पडली. पण ती उजेडाने गेली की तापलेल्या पाण्याने? त्यासाठीच तिसरी बरणी होती: तीही अगाशीवरच, पण माठातल्या पाण्याच्या बादलीत बुडवलेली. ऊन तेवढंच, पाणी गार. चौथ्या दिवशी साहेबांना वास आला आणि शिपायाने ती मोरीत ओतली. बरणी विसळून परत आणून दिली, हे उपकार. साहेबांचं आणि कॉलेजचं नाव लिहीत नाही, पण ते उत्तर माझं राहिलं ते राहिलंच.

तुमच्या लेखात तर हा प्रश्नच नाही. उल्वाचं पान जेमतेम दोन पेशी जाड, त्यामुळे थोड्या उजेडातही तिचं भागतं. पाणी तापलं की श्वसन वाढतं, म्हणजे खर्च वाढतो. अन्नाची कमाई मात्र उजेडावर. शेवाळाची गादी झाली की वरचा थर भाजतो आणि खालचा अंधारात उपाशी मरतो. लेखात चीनमधल्या चिंगदाओ शहराचं नाव आहे. २००८ च्या ऑलिंपिकआधी तिथे शिडांच्या होड्यांची वाट मोकळी करायला लाखो टन शेवाळ उपसावं लागलं. पण ते दक्षिणेकडे, ज्यांग्सू प्रांताच्या किनाऱ्यावर नोरीच्या (खाण्याच्या समुद्री शेवाळाच्या) शेतांतल्या तराफ्यांवर धरतं, वसंतात सुटतं, पाणी १५ ते २० अंशांच्या आसपास असताना भराभर वाढतं आणि ऐन उन्हाळ्यात कुजतं, हे कोण लिहिणार? जमिनीवरच्या शेतांतून वाहून येऊन शेवाळाला पोसणाऱ्या खतांचा तर उल्लेखही नाही.

मागच्या पत्रातली माझी शेवटची चार वाक्यं आपण जागेअभावी गाळली होतीत. जलपर्णीला पाव पान मिळालं.

आणि उजेडाचा विषय निघालाच आहे म्हणून: पंचांगाच्या चौकटीत सूर्योदय मुंबईचा छापता. अंक बडोद्याचा आहे.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, बडोदे