मंडपवाल्या दादांना मनापासून

दादा, तुम्ही असलं काही वाचत बसणार नाही माहितीये, पण तुमचा पोरगा वाचून दाखवेल म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय. गावात फिल्म दाखवली त्या रात्री नुसतं "थँक्यू दादा" म्हणून आम्ही पोरंपोरी निघून गेलो, ते अजून मनाला लागून राहिलंय.

आपल्या माण तालुक्यात पाणी म्हटलं की आधी टँकर आठवतो. वॉटर कपच्या, म्हणजे पानी फाउंडेशनच्या गावागावांतल्या पाणी अडवायच्या स्पर्धेच्या वेळी डोंगरावर सीसीटी, म्हणजे उताराला आडव्या सलग चरी खोदल्या, त्या आता गाळानं भरत आल्यात, आणि चर गाळानं भरली की पाणी मुरायचं सोडून वरून वाहून जातं, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला पण कळतं. पण परत टिकाव-खोरं घेऊन डोंगर चढायचा म्हटलं की जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघतो. म्हणून आम्ही ठरवलं, हिवरे बाजार या गावावरची डॉक्युमेंटरी दाखवायची. तिकडं पण पाऊस आपल्यासारखाच बेताचा, तरी त्या गावानं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच कुठलं पीक घ्यायचं ते ठरवतात. हे तोंडानं सांगून पटत नाही, डोळ्यानं बघावं लागतं.

पण दाखवायचं कुठं आणि कशावर? हॉल देतो म्हणणाऱ्यांना ऐनवेळी किल्ली सापडेना, प्रोजेक्टरवाल्यानं ॲडव्हान्स घेऊन फोन बंद केला. त्याआधीचा एक शो तर सत्कार, शाली, नारळ आणि भाषणांतच संपला, फिल्म लागली तोवर माणसं जेवायला घरी. राग येतो हो. कामाचं बोलणारे ढीगभर, पण काम करायच्या वेळी एक जण सापडत नाही.

तुमच्याकडं आम्ही फक्त पडदा बांधायला बांबू मागितले होते. तुम्ही पांढरं कापड, स्पीकर, जनरेटर सगळं टेम्पोत घालून आलात, प्रोजेक्टर पण कुणाकडनं तरी मागून आणलात. त्याचे उपकार आहेतच. पण मला सगळ्यात जास्त आठवतंय ते वेगळंच. बायका नेहमीसारख्या लांब देवळाच्या भिंतीला टेकून अंधारात उभ्या होत्या, डोक्यावर पदर, कडेवर पोरं, पुढं या म्हटलं तरी येईनात. तुम्ही काही न बोलता टेम्पोतली सतरंजी काढली, पडद्याच्या अगदी पुढं अंथरली, खुर्च्या टाकून बसलेल्या बाप्यांना म्हणालात, "जरा मागं सरका, माउलींना दिसंना." आणि स्वतः वायर धरून शेवटपर्यंत उभे राहिलात. कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं, आमच्या तर डोक्यात पण आलं नव्हतं.

फिल्म संपल्यावर पहिला प्रश्न त्या सतरंजीवरनंच आला, "मग आपण कधी जायाचं?" आणि सकाळी डोंगरावर आधी पोचल्या त्या ह्याच बायका, बाप्ये मागनं आले. ज्यांच्या डोक्यावर हंडा असतो त्यांनाच आपण मागं उभं करत होतो. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून गाव चालतंय दादा, खरं सांगते. ना स्टेजवर नाव, ना फ्लेक्सवर फोटो, पण समोरच्याला दिसतंय का नाही एवढं बघणारी माणसं.

पैशाचं विचारलं तर हात झटकून गेलात. पुढचा शो शेजारच्या वाडीत आहे, त्याचं डिझेल तरी आमच्याकडनं घ्यायचं, आधीच सांगून ठेवते. आणि ती सतरंजी नक्की आणा.