कॅप्टन मुल्ला साहेब, तुमचे आभार

आदरणीय कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला साहेब,

सविनय नमस्कार.

1971च्या युद्धाचा विषय निघाला की लोक कराचीवरच्या हल्ल्याबद्दल भरभरून बोलतात. माझं मन मात्र 9 डिसेंबरच्या रात्रीपाशी जाऊन अडतं.

मुंबईहून निघालेली तुमची 'खुकरी' आणि सोबतची 'किरपाण' या नौदलाच्या युद्धनौका दीवच्या समुद्रात पाणबुडी शोधत होत्या. 'हंगोर' ही पाकिस्तानची नवी, फ्रेंच बनावटीची पाणबुडी. तिच्या सोनारचा, म्हणजे आवाजावरून पाण्यातली जहाजं हुडकणाऱ्या यंत्रणेचा, पल्ला तुमच्याहून कितीतरी मोठा. रात्री पावणेनऊच्या सुमारास तिचा टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून सोडलेलं स्फोटक अस्त्र, लागला आणि 'खुकरी' काही मिनिटांतच बुडाली.

त्या मिनिटांत तुम्ही काय काय केलंत! स्फोटाच्या दणक्याने डोकं फुटलेलं, रक्त वाहतंय, जहाज कलतंय, आणि तुम्ही एकेकाला पाण्यात उतरवताय. मनू शर्मा आणि कुंदनमल या अधिकाऱ्यांना तर तुम्ही अक्षरशः समुद्रात ढकललंत. 'तुम्हीही चला' म्हटलं, तरी हलला नाहीत. पाण्यातून शर्मांनी वळून पाहिलं, तेव्हा तुम्ही आपल्या खुर्चीत होतात, कठडा धरून.

स्वतःचं लाइफ जॅकेट तुम्ही एका नौसैनिकाला देऊन टाकलंत. महावीर चक्राच्या मानपत्रात ते नोंदलंय, त्या नौसैनिकाचं नाव मात्र नाही. कप्तानाकडे त्याचं जॅकेट मागायची कुणाची छाती झाली असती? तुम्ही ते आपणहून दिलंत.

कप्तानाने जहाजाबरोबर जायचं असतं, अशी परंपरा सांगतात. मला ते पुरेसं वाटत नाही. मानपत्र म्हणतं, जमेल तेवढ्यांना बाहेर काढून तुम्ही पुन्हा ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या जागी, गेलात, आणखी कुणाला वाचवता येतंय का ते बघायला. म्हणजे तुम्ही मरायला थांबला नव्हतात, काम उरलं होतं म्हणून थांबलात. माझे आभार आहेत ते यासाठी.

तुमच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. 67 जण वाचले. त्या सगळ्यांच्या घरच्यांच्या वतीने बोलायचा अधिकार मला नाही, तरी हात जोडल्यावाचून राहवत नाही.

तुमच्या पत्नी सुधाताईंचे आणि तुमच्या दोन्ही मुलींचेही मनापासून आभार. त्या रात्रीची किंमत त्यांनी वर्षानुवर्षं मोजली.

आपला ऋणी,
एक मुंबईकर