गूढ शब्दकोड्याचे नुसते उत्तर नको, उकलही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत आपण गूढ शब्दकोडे, म्हणजे वरवरचा अर्थ फसवा ठेवून शब्दखेळातून उत्तर काढायला लावणारे कोडे, सुरू केलेत, याचा आम्हा सोलापूरच्या वाचकांना मनापासून आनंद आहे. पण पुढच्या रविवारी फक्त भरलेली चौकट छापून येते. उत्तर दिसते, ते कसे आले हे कळत नाही. नवा वाचक दोन-तीन आठवडे झटापट करतो आणि कोड्याचा नाद सोडून देतो. म्हणून विनंती, की प्रत्येक उत्तरापुढे एका ओळीची उकल द्यावी.

उकल म्हणजे काय, ते एका सूत्रावरून, म्हणजे उत्तर सुचवणाऱ्या ओळीवरून, सांगतो. ‘गावाकडच्या चहापुढे भाव ठेवला, मिळाले पांघरूण (३)’. गावाकडचा चहा म्हणजे ‘चा’, त्याच्या पुढे भाव म्हणजे ‘दर’. चा + दर = चादर. ‘पांघरूण’ ही व्याख्या, म्हणजे उत्तराचा सरळ अर्थ, आणि ‘मिळाले’ हा नुसता सांधा. गूढ सूत्रात व्याख्या जवळजवळ नेहमी अगदी सुरुवातीला नाही तर अगदी शेवटी असते, उरलेला भाग शब्दखेळाचा. त्यामुळे सोडवणाऱ्याने आधी वाक्याचा अर्थ विसरावा, दोन्ही टोके तपासावीत आणि कंसातल्या आकड्याइतक्या अक्षरांचा प्रतिशब्द शोधावा. मग खुणेचे शब्द पाहावेत. ‘उलटा’, ‘फिरला’ म्हणजे शब्द मागून वाचायचा. ‘विस्कटले’, ‘बिथरला’ म्हणजे अक्षरांची जागा बदलायची. ‘पोटात’ म्हणजे एकात दुसरा घालायचा. ‘वजनदाराच्या पोटात पहिले व्यंजन, ज्वारीची असते ती (३)’ यात ताटातले व्यंजन डोळ्यांपुढे येते आणि तिथेच माणूस फसतो. हवे आहे वर्णमालेतले व्यंजन. ‘भारी’च्या पोटात ‘क’ गेला की भाकरी.

आता कोडेकारांना सांगायचे ते. इंग्रजी गूढ कोड्यांचे नियम झिमेनीज या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या मॅकनट यांनी १९६६ च्या पुस्तकात नीट मांडले. नेमकी व्याख्या, प्रामाणिक शब्दखेळ आणि त्याखेरीज एकही फालतू शब्द नाही, हे त्यांचे सार. ते मराठीलाही लागू पडते. पण इंग्रजीचा एकक सुटे लेटर आहे, आपला एकक आहे काना-मात्रा-वेलांटीसकट पूर्ण अक्षर, आणि जोडाक्षर एकाच घरात बसते. सिद्धेश्वर म्हणजे सि-द्धे-श्व-र, चार घरे. हे मान्य केले की बाकीचे आपोआप ठरते.

‘बिथरलेला नवरा झाला माकड (३)’ हे सूत्र वाचताना मजेशीर वाटते, म्हणून तशी सूत्रे सुचतात आणि छापलीही जातात. उत्तर अपेक्षित असते ‘वानर’. पण न-व-रा ही अक्षरे कशीही फिरवा, वा-न-र होत नाही. रा वरचा काना काढून व ला लावावा लागतो. एकदा काना सुटा धरला की वेलांटी आणि मात्राही सुटी धरावी लागेल, आणि मग कशाचेही काहीही करता येईल. उलट ‘कमल विस्कटले, लेखणी हाती आली (३)’ हे चोख आहे. क-म-ल मधून क-ल-म, एकाही अक्षराला धक्का नाही. उलटे वाचतानाही तोच न्याय. ‘गरीब उलटा पडला, वाहत राहते ती (२)’. गरीब म्हणजे दीन, उलटे वाचले की नदी. वेलांटी ‘द’बरोबर गेली.

लपलेल्या शब्दांत जोडाक्षराचा सापळा असतो. ‘असा खर्च’ यात साखर दडली आहे असे वाटते, पण अक्षरे आहेत अ-सा-ख-र्च. तिथे सुटा ‘र’ नाहीच. ‘तसा खरडला तर आत मुंग्या लागतात ती (३)’ यात मात्र त-सा-ख-र-ड-ला, साखर सलग सापडते. हा खेळ आपल्याला बाहेरून आलेला नाही. छापील शब्दकोडे न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी आले, पण संस्कृतातली अंतर्लापिका, म्हणजे उत्तर प्रश्नातच दडलेले कोडे, त्याहून कितीतरी जुनी. ‘कं बलवन्तं न बाधते शीतम्’, म्हणजे कोणत्या बलवानाला थंडी बाधत नाही? पहिले दोन शब्द जोडून वाचा: ‘कंबलवन्तम्’, ज्याच्याजवळ कांबळे आहे त्याला. चादरींच्या गावाला हे वेगळे समजावून सांगायला नको!

मराठीची आणखी एक अडचण विभक्तीची. ‘दाणा उलटला’ म्हटले तर दा-णा ही अक्षरे जशीच्या तशी हाती येतात, ‘दाण्याला उलटवले’ म्हटले की णा चा ण्या होतो. म्हणून जी छापील अक्षरे फिरवायची ती मूळ रूपातच असावीत. व्याख्याही शक्यतो मूळ रूपात असावी. प्रतिशब्द शोधायचा असेल तिथे, ‘चहापुढे’सारखा, प्रत्यय चालतो. आडव्या-उभ्याच्या छेदावर ‘पु’ आणि ‘पू’ एकाच घरात भरायला लावणे तर पूर्ण बंद व्हावे. ही सोय फक्त रचणाऱ्याची आहे, सोडवणारा तिथे खोडून खोडून कागद फाडतो.

सोलापुरात मराठीबरोबर कानडी, तेलुगू, उर्दू रोज कानावर पडतात, त्याचाही कोड्यात उपयोग व्हावा. ‘चांगले कानडी घर म्हणजे फुले (३)’: सु + मने = सुमने. कानडीतला ‘मने’चा एकार ऱ्हस्व आहे, तेवढी सवलत द्यायला आमची हरकत नाही, कारण मराठी लिपीत आपण तो वेगळा दाखवत नाही. मात्र भाषेचे नाव सूत्रात हवेच. तसेच ‘उलटी धरा, सुलटी धरा, सोलापुरी भाकरी असते तशी (३)’. उत्तर ‘कडक’ हे इथल्या शेंबड्या पोरालाही येईल, पण दोन्हीकडून सारखे वाचले जाते हे उकलीशिवाय अनेकांच्या लक्षात येणार नाही.

छपाईला जागा फार लागत नाही. ‘चादर: चा + दर, व्याख्या पांघरूण’ एवढे पुरे. वीस-पंचवीस सूत्रांची उकल बारीक टायपात अर्ध्या कॉलमात बसते. कोड्याच्या डोक्यावर ‘एका घरात एक पूर्ण अक्षर, जोडाक्षर एक धरावे’ ही ओळ कायम असावी, आणि एखादे सूत्र चुकलेच तर पुढच्या उकलीत तसे स्पष्ट लिहावे. पहिल्या चार आठवड्यांची उकल लिहून द्यायला आम्ही तयार आहोत. कोडे छापून झाल्यावर सोमवारी उत्तरांची चौकट आमच्याकडे आली, तर गुरुवारपर्यंत मजकूर आपल्या सोलापूर कार्यालयात पोहोचेल.

आपले,
कोडी सोडवणारे काही वाचक, सोलापूर