सिबिल बघितल्याने स्कोअर पडत नाही हो!

संपादक महोदय,

आमच्या डिचोलीत हल्ली कुणाचंही लोन अडकलं की एकच उत्तर, सिबिल कमी आला. म्हणजे काय विचारलं तर गप्प. (सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडलं याच्या नोंदींचा रिपोर्ट आणि त्यावरून मिळणारा स्कोअर.) माझंही तसंच होतं, दुकानासाठी लोन मागायला गेलो तेव्हा कळलं की मागे चवथीला ईएमआयवर घेतलेल्या फ्रिजचं खातं रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' दिसतंय. झालं असं की शेवटचे दोन हप्ते थकले होते, रिकव्हरीवाला म्हणाला एवढे भरा मिटवून टाकू, मी खुश, पण सेटल्ड आणि क्लोज्ड यात जमीन-अस्मानाचा फरक असतो हे त्याने थोडंच सांगितलं! सेटल्ड म्हणजे पूर्ण पैसे न देता तडजोड केली असा शिक्काच.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. पगार किंवा बँकेतली ठेव त्यात धरतच नाहीत, हप्ते वेळेवर गेले का, कार्डाची लिमिट किती वापरली असलं बघतात. मित्राला जामीन राहिलात तर त्याचं थकलेलं लोन तुमच्याही रिपोर्टात. आपला रिपोर्ट आपणच बघितला तर काही होत नाही, दहा ठिकाणी अर्ज टाकत सुटलात तर मात्र पडतो. देशात असे रिपोर्ट बनवणाऱ्या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, आणि रिपोर्टातल्या चुकीबद्दल केलेली तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम.

बँकांनी शाखेत एवढं मराठी-कोकणीत लिहून लावायला काय हरकत आहे?

एक दुकानदार, डिचोली